खराटेवाल्या आजींचा अख्खा मसूर

जर्मनीतल्या नेकार नदीच्या खोऱ्यातल्या त्या घराबद्दल कुणी विचारलं की मी द्राक्षमळ्यांबद्दल बोलतो, वाइनबद्दल बोलतो, तिथल्या लाकडी बाकांबद्दल बोलतो. घराच्या मालकिणीबद्दल बोलायचं मात्र टाळतो. वीस वर्षं झाली, हे असंच चाललं आहे. आता पंचाहत्तरी उलटली, टाळायलाही फारसा वेळ उरलेला नाही. आमच्या तिथल्या मराठी मंडळींत त्या बाईंबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते, की त्यांनी एका शाकाहारी म्हातारीला फसवून डुकराची चरबी घातलेलं जेवण खाऊ घातलं. ती म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. खाल्लं हे खरं. फसवलं हेही खरं. पण फसवणारी ती बाई नव्हती.

त्यांचं नाव इर्मा. आमची मुलं त्यांना खराटेवाल्या आजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्यांची पहिली आठवण म्हणजे त्यांचा अंगठा. ताट समोर ठेवलं तरी त्या ताटाची कड सोडायच्या नाहीत. अंगठा कडेवर तसाच ठेवून आत काय काय आहे ते सांगायच्या. कांदा, साय, अंडं, डुकराचं मांस असेल तर तेही, आणि कालचं उरलेलं असेल तर 'कालचं आहे' म्हणून. मग समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या. तो मान हलवेपर्यंत ताट त्यांचं, मान हलवली की त्याचं. गावातले लोक चाळीस वर्षं तिथे तेच जेवण जेवत होते, तरी त्यांनाही हे ऐकावं लागायचं. एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "इर्मा, मला पाठ आहे ते." त्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही, म्हणून सांगते."

त्यांचं हॉटेल नव्हतं. ज्यांचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत अशा शेतकऱ्यांना त्या भागात वर्षातले थोडे आठवडे आपल्या घरातच लोकांना बसवून स्वतःची वाइन आणि साधं घरगुती जेवण विकता येतं. उघडं आहे हे कळावं म्हणून फाटकावर खराटा टांगतात. खराटा दिसला की आत जायचं, खराटा उतरला की ते पुन्हा कुणाचं तरी घर. मी तिथे पहिल्यांदा सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन गेलो तेव्हा ती फाटकातच थांबली. "अहो, दारात खराटा टांगलाय, आणि लोक आत जेवायला जातायत?" मी म्हणालो, हीच इथली पाटी. ती म्हणाली, "मग आपल्या घरी सकाळी सकाळी किती गिऱ्हाइकं यायला हवी होती."

खराटा टांगायचे दिवस आले की आजी आपल्या बैठकीच्या खोलीतलं सामान वर नेऊन टाकायच्या. शेजारचा जुना गोठा चुना मारून साफ व्हायचा. दोन्हीकडे लांब टेबलं आणि बाकं. ओळख असो-नसो, जागा असेल तिथे एकमेकांना सरकवून बसायचं. फक्त खिडकीजवळचं एक गोल टेबल गावातल्या नेहमीच्या मंडळींचं होतं. आम्ही पहिल्याच दिवशी नेमके त्यावर जाऊन बसलो. रिकामं होतं, चार खुर्च्या होत्या, आणि आपल्याकडे रिकामी खुर्ची म्हणजे आपलीच. आजींनी येऊन आम्हाला शांतपणे उठवलं. "इथे तीस वर्षं भांडणारे लोक बसतात. तुमचं अजून कुणाशी भांडण झालेलं नाही." मग स्वतः आम्हाला भट्टीजवळच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. पुढे तो कोपरा आमचाच झाला.

मी तेव्हा एका जर्मन कंपनीत यंत्रांच्या डिझाइनचं काम करत होतो. आम्ही राहायचो त्या गावाहून आजींचं गाव दोन स्टेशनांवर. हायडेलबर्गकडची तीन-चार मराठी कुटुंबंही यायची. मी पाव लिटरचा, कान असलेला काचेचा पेला घ्यायचो. बायका-मुलं द्राक्षांचा रस. मी त्यांना 'फ्राऊ इर्मा' म्हणायचो. जर्मनमध्ये असं कुणी म्हणत नाही, फ्राऊच्या, म्हणजे श्रीमतीच्या, पुढे आडनाव लागतं. पण आडनावाने हाक मारणं मला परकं वाटायचं आणि नुसतं इर्मा म्हणायला जीभ वळायची नाही. त्यांनी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. पुढे पुढे गोल टेबलावरचे म्हातारेही त्यांना चिडवायला 'फ्राऊ इर्मा' म्हणू लागले.

त्यांना घाई आवडायची नाही. कुणी घड्याळ बघितलं की म्हणायच्या, "घाई असेल त्याने पाणी प्यावं आणि घरी जावं." आणि स्वयंपाकघरातल्या कुठल्याही गोष्टीचा दोष त्या दुसऱ्यावर ढकलायच्या नाहीत. एकदा भाचीने कांद्याचा केक करपवला. तो ज्याच्या पुढ्यात गेला त्याने कुरकुर केली, तेव्हा आजी म्हणाल्या, "माझ्या पातेल्यातून जे बाहेर येतं, ते माझं." केक पातेल्यात होत नाही, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

त्या वर्षी गणपती झाल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. इस्लामपूरच्या. सासरे गेल्यापासून एकट्याच असायच्या, म्हणून सुनंदाने हट्टाने बोलावलं होतं. मांस, मासे, अंडं यांतलं काही त्यांनी जन्मात तोंडात घातलेलं नव्हतं. थंडीने त्या आखडून गेल्या. तीन आठवडे दहीभात आणि थालीपीठ याशिवाय काही घेतलं नाही, तेही चिमणीएवढं. सुनंदा म्हणायची, अशाच परत गेल्या तर भाऊ मला विचारेल, आईला उपाशी ठेवलंस का.

नेमका त्याच सुमाराला आजींचा खराटा लागला. एका रविवारी मी माझ्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला तिथे जेवायला बोलावलं होतं. सासूबाईंना घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्याही आल्या. मुग्धा, आमची मुलगी, शाळेच्या सहलीला गेली होती, म्हणून सासूबाईंसाठी दुभाष्याचं काम माझ्याकडे आणि सुनंदाकडेच. सुनंदाचं जर्मन तेव्हा बेताचं, शिवाय साहेबांच्या बायकोने तिला आपल्या गोव्याच्या सुट्टीची हकीगत सांगायला घेतली होती. माझे साहेब तसे सज्जन. पण कँटीनमध्ये एकदा ते हसत म्हणाले होते, तुम्हा लोकांचं खाण्याचं नेहमीच काहीतरी असतं. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

सासूबाईंसाठी मी मसूर सांगितला. तिकडे बारीक काळसर मसूर शिजवून त्याच्याबरोबर अंड्याच्या पिठाचे जाडसर तुकडे आणि सॉसेज देतात. ते दोन्ही नको, नुसता मसूर आणि पाव द्या, असं मी सांगितलं. थोड्या वेळाने आजींनी मला खुणेने आत बोलावलं.

"आजच्या मसुरात श्पेक आहे," त्या म्हणाल्या. श्पेक म्हणजे खारवून धूर दिलेली डुकराची चरबी. "मांस नको म्हणालास ना आईंना? मी दुसरा टाकते. तासभर लागेल."

"तासभर नको. तुकडा काढून टाका म्हणजे झालं."

"चव आत उतरलेली असते."

"चालेल."

"त्यांना चालेल, की तुला?"

मी म्हणालो, "मी सांगतो त्यांना."

त्या ताट घेऊन बाहेर आल्या. सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. अंगठा कडेवर. "मसूर. श्पेक होता, काढला आहे." सासूबाईंना त्यातला एक शब्दही कळला नाही. एक म्हातारी बाई आपल्याकडे बघून प्रेमाने काही सांगते आहे एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी हसून मान हलवली. आजींनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. अंगठा उचलला गेला.

सासूबाई जेवल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. "जावईबापू, हा तर आपल्या इस्लामपूरच्या अख्ख्या मसुराचा चुलतभाऊ दिसतोय," असं म्हणून त्यांनी परत वाढून घेतला. मग म्हणाल्या, "लसूण दिसत नाही, मसाला नाही. इतकी चव कशाची हो?"

मी म्हणालो, "इथलं पाणी वेगळं आहे, आई."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहूनच विचारलं, जायचं का खराट्याच्या घरी. मी आधी आत आजींना सांगायला गेलो, तर भट्टीच्या कडेला झाकण ठेवलेलं एक छोटं पातेलं होतं. कानाला लोकरीचा लाल धागा बांधलेला. "आईंचं," आजी म्हणाल्या. "ह्याचा डावसुद्धा वेगळा आहे. त्यांना सांगितलंस ना मागच्या वेळचं?" मी म्हणालो, हो.

त्या दिवशी सासूबाई दोन घास खाऊन म्हणाल्या, चव जरा कमी झाली. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून मोहरी, हिंग आणि कडीपत्ता नेला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे धावलो. आजी परक्या माणसाला चुलीजवळ उभं करायच्या नाहीत. पण दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आजींनी कढई पुढे सरकवली. मोहरी तडतडली तशा आजी एक पाऊल मागे गेल्या, आणि हिंग पडल्यावर त्यांनी गुपचूप खिडकी उघडली. फोडणी मसुरात ओतून सासूबाईंनी डावाने थोडा त्यांच्या तळहातावर वाढला. आजींनी चाखला आणि पुन्हा हात पुढे केला. त्यानंतरचे रविवार त्या दोघी आतच असायच्या. एक जर्मनमध्ये बोलायची, दुसरी मराठीत, आणि दोघींची कामं होत असत. सासूबाईंच्या गालांवर रंग आला. सुनंदा म्हणाली, आता भाऊ काही विचारणार नाही.

सासूबाईंचं परतीचं विमान ठरलं होतं त्या आठवड्यातला रविवार हा आजींच्या मोसमाचाही शेवटचा होता. दुसऱ्या दिवशी खराटा उतरणार. मुग्धाही आली होती. गर्दी ओसरल्यावर आजी आमच्या कोपऱ्यात आल्या आणि चक्क बसल्या. लोक असताना त्या कधी बसायच्या नाहीत. सासूबाईंच्या पुढ्यात ताट होतं. सवयीने आजींनी त्याच्या कडेवर अंगठा ठेवला आणि मुग्धाला म्हणाल्या, "तुझ्या आजीला विचार. पहिल्या दिवशी श्पेकचा खाल्ला, मग बिनश्पेकचा, मग तिच्या त्या वासाच्या पावडरीचा. खरं सांगायचं. कुठला चांगला होता?"

मुग्धा अडखळली. मराठी तिला कळायचं सगळं, बोलताना मात्र शब्द शोधावे लागायचे. "आजी, ती विचारते... पहिल्या दिवशी जो होता ना, पोर्कचं फॅटवाला..."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. आजींकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुम्हाला ठाऊक होतं?"

खरं बोलायला तेवढीच वेळ होती, आणि ती पुरेशी होती. समोर सुनंदा, सासूबाई, मुलगी. मी म्हणालो, "नाही, आई. मी त्यांना घालू नका म्हणून सांगितलं होतं."

मुग्धाने हे लगेच जर्मनमध्ये आजींना सांगितलं. कुणी तिला सांग म्हटलं नव्हतं, पण दुभाष्याचं काम तिने चोख केलं. "पापा म्हणतात, त्यांनी तुम्हाला घालू नका म्हणून सांगितलं होतं."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ताट पुढ्यात ठेवल्यावर त्या जशा समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायच्या, तशा थांबल्या. मी मान हलवली नाही. टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिलो.

मग त्या मुग्धाला म्हणाल्या, "माझ्या पातेल्यातून जे बाहेर येतं, ते माझं. तुझ्या आजीला सांग, मी माफी मागते." आणि ताट उचलून आत घेऊन गेल्या.

त्यांनी असं का केलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, जावई खोटं बोलला हे त्या म्हातारीला चरबीपेक्षा जास्त लागेल, हे त्यांनी ओळखलं. कधी वाटतं, माझ्यासारख्या माणसाशी वाद घालणंच त्यांना कमीपणाचं वाटलं असेल. दया होती की तिटकारा, मला अजून कळलेलं नाही.

सासूबाई विमानात बसेपर्यंत फळांवर राहिल्या. आदळआपट केली नाही, रडल्या नाहीत. आंघोळ करून देवासमोर बराच वेळ बसल्या आणि उठून मलाच म्हणाल्या, "जाऊ द्या. तिने मुद्दाम नसेल केलं." मी म्हणालो, हो, नसेल केलं.

गोष्ट पसरायला दिवाळीचा फराळ पुरला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका गृहस्थाने मला शेजारी बसवून ती सगळ्यांना सांगितली. त्याच्या सांगण्यात आजी आतून हसत होत्या, आणि श्पेकचा तुकडा तळाशी मुद्दाम लपवलेला होता. लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. मी चकली खात होतो. त्यानंतर आपल्या लोकांपैकी कुणी त्या घरी गेलं नाही. नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यातच बजावून ठेवायचे, राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, म्हणजे अनमेल्डुंग, कुठे करायची, कचरा कुठल्या दिवशी काढायचा, आणि त्या म्हातारीकडे जेवायला जायचं नाही. जी बाई गावातल्या माणसाला कालचं जेवण 'कालचं आहे' असं सांगितल्याशिवाय देत नव्हती, तिच्याबद्दल.

आणखी दोन वर्षांनी माझं तिथलं काम संपलं. परत यायच्या आधी एका वसंतात खराटा लागलेला बघून मी एकटाच गेलो. घरी कुणाला सांगितलं नाही. ट्रेनमध्ये मी एक वाक्य जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा घोळवत होतो. व्याकरणही तपासून घेतलं होतं.

आजी थकल्या होत्या, पण चालणं तेच. मला बघून थबकल्या नाहीत. भट्टीजवळचा आमचा कोपरा रिकामा करून दिला. काय हवं विचारलं नाही. मसूर आणला. ताट ठेवलं, अंगठा कडेवर. "मसूर. श्पेक आहे." आणि थांबल्या.

ते वाक्य म्हणायची जागा हीच होती. आजींचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. गोल टेबलावरच्या एकाने ओळखून मला हात केला. मी मान हलवली. अंगठा उचलला गेला आणि आजी पुढच्या टेबलाकडे वळल्या.

निघताना फाटकापर्यंत आल्या. हातात कापडी पिशवी होती. "आई कशा आहेत? हे त्यांना दे. कच्चा मसूर आहे. ह्यात दुसरं काही नाही." मी 'डांकं' म्हणालो. तेवढंच म्हणालो.

ती पिशवी मी इस्लामपूरला नेऊन दिली. सासूबाईंनी दुपारीच मसूर टाकला, लसूण-खोबरं वाटून, झणझणीत. मला वाढताना म्हणाल्या, "पाणी आपलं आहे, चव तिकडची येणार नाही." मग पिशवीची घडी करत म्हणाल्या, "त्यांना कळवा, माझ्या मनात काही नाही. म्हणावं, कधी इकडे आलात तर इथल्या चुलीवर करून घालते." मी म्हणालो, कळवतो. म्हणजे आता माझ्याकडे दोन निरोप होते, एक माझा आणि एक त्यांचा. दोन्ही मी पोचवले नाहीत. सासूबाई पुढे चार-पाच वर्षांनी गेल्या.

मागच्या दिवाळीत मुग्धाचा म्युनिकहून फोन आला. मंडळाच्या जुन्या आठवणींच्या कार्यक्रमात कुणीतरी ती गोष्ट पुन्हा सांगितली होती. आता तीत आजी तीन-चार कुटुंबांना फसवत होत्या. मुग्धा म्हणाली, "पापा, दास श्टिम्ट दोख निश्त, ओडर? हे खरं नाही ना? मी तिचा चेहरा बघितला होता." मी तिच्या मुलांच्या शाळेचं विचारलं. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे मला वाटलंच होतं." मग तिने सांगितलं की शरद ऋतूत ती मुलांना घेऊन त्या बाजूला गेली होती. मळे होते. फाटकावर खराटा नव्हता. शेजाऱ्यांनी सांगितलं, इर्मा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, भाची मळे सांभाळते, घरात लोकांना बसवत नाही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनंदाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठून कुकर लावला, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "अहो, निदान आईला तरी सांगायचं होतंत. तिने त्या बाईला माफ केलं. तुम्हाला करायची तिला संधीच दिली नाहीत."

त्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचलं, तर यापुढे ती गोष्ट सांगताना माझं नाव घालावं. आजींचं काढावं. उरलं ते ट्रेनमध्ये घोळवलेलं वाक्य. त्याचं जर्मन आता मी विसरलो आहे, म्हणून मराठीतच लिहितो. आजींना मराठी कळायचं नाही, पण सासूबाईंचं कळायचं.

फ्राऊ इर्मा, तुम्ही मला विचारलं होतं, मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. ते तुमच्या पातेल्यातून आलं नव्हतं, माझ्या तोंडातून आलं होतं, मला माफ करा.